वेस्ट पॉईंटचे सात पराभव

वसई तालुक्यांत राजोडीच्या पुळणीवर ओहोटी लागली म्हणजे ओल्या, घट्ट वाळूचें लांबच लांब मैदान उघडें पडतें. अशा मैदानावर चेंडू टाकला कीं फूटबॉल म्हणजे काय हें कोणत्याहि मुलाला समजावून सांगावें लागत नाहीं. चेंडू वाटोळा, तो पायानें मारावयाचा, आणि हात लागला तर ती चूक. वसईच्या किनाऱ्यापासून मुंबईच्या कूपरेजपर्यंत आणि कोल्हापूरच्या शाहू मैदानापर्यंत फूटबॉल या शब्दाचा अर्थ हाच आहे. अमेरिकेंत मात्र त्याच नांवानें एक अगदीं निराळा खेळ चालतो. त्या खेळावर तेथील विद्यापीठांचें, आणि लष्करी प्रबोधिनींचेंहि, मन इतकें जडलेलें आहे कीं एका संघाच्या हारजितीची चर्चा प्रसंगीं देशाच्या कायदेमंडळापर्यंत जाऊन पोहोंचते. वेस्ट पॉईंट येथील लष्करी प्रबोधिनीचा संघ १९५१ सालीं ९ सामन्यांपैकीं ७ सामने हरला. त्या सात पराभवांचें मूळ मैदानावर सांपडत नाहीं; तें परीक्षेच्या दालनांत सांपडतें. यामुळेंच तो हंगाम खेळाची आवड नसलेल्यांनींहि समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकन फूटबॉलचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतेक वेळ हातांत धरून पळावयाचा किंवा हातानें फेंकावयाचा असतो. पायाचें काम क्वचित् पडतें. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. मैदान १०० यार्ड लांब असतें. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिला तो १० यार्ड पुढें नेण्यासाठीं ४ संधी मिळतात. तेवढ्यांत काम साधलें तर आणखी ४ संधी, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाचे गडी चेंडूवाल्याला धरून खालीं पाडूं पाहतात, आणि त्याचे सोबती आपल्या अंगानें त्याला वाट मोकळी करून देतात. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला म्हणजे त्याला टचडाऊन म्हणतात व त्याचे ६ गुण मिळतात. त्यानंतर चेंडू लाथेनें दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून धाडतां आला तर आणखी १ गुण. हा एक गुण दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु अनेक सामन्यांचा निकाल त्यावरच लागतो. हुतुतूंतील धरपकड आणि बुद्धिबळांतील डावपेच यांचा मेळ म्हणजे हा खेळ, असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं.

वेस्ट पॉईंटची प्रबोधिनी १८०२ सालीं स्थापन झाली. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें ५० मैलांवर, हडसन नदीच्या कांठच्या उंच खडकावर ती वसलेली आहे. अमेरिकेच्या भूदलाचे अधिकारी येथें चार वर्षांच्या शिक्षणानें तयार होतात. अमेरिकेच्या यादवी युद्धांत परस्परांविरुद्ध लढलेले ग्रँट आणि ली हे दोघेहि येथलेच विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धांतील मॅकआर्थर व आयसेनहॉवर हेहि येथलेच. पहिल्या महायुद्धानंतर मॅकआर्थर या प्रबोधिनीचे प्रमुख झाले, तेव्हां त्यांनीं प्रत्येक विद्यार्थ्याला मैदानी खेळ सक्तीचे केले. लढाईंत लागणारी सोशिकता, तत्परता आणि सांघिक शिस्त मैदानावर अंगीं बाणते, अशी त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेचा मुकुटमणि म्हणजे फूटबॉल, आणि त्यांतहि नौदलाच्या प्रबोधिनीविरुद्ध दरवर्षीं होणारा सामना. हा सामना १८९० सालीं सुरू झाला. वर्षभर सर्व सामने हरले तरी चालतील, पण हा जिंकला पाहिजे, अशी दोन्हीं बाजूंची वृत्ति असते.

१९४० सालच्या हंगामांत वेस्ट पॉईंटच्या संघाला केवळ १ विजय मिळाला, ७ पराभव झाले आणि १ सामना बरोबरींत सुटला. तेव्हां प्रबोधिनीचे प्रमुख आयकेलबर्गर यांनीं अर्ल ब्लेक यांना संघाचे शिक्षक म्हणून बोलावून आणलें. ब्लेक स्वतः याच प्रबोधिनीचे माजी विद्यार्थी. ते अबोल, काटेकोर आणि अतिशय मेहनती होते. थोड्याच वर्षांत त्यांनीं संघाचें स्वरूप पालटून टाकलें. त्यांना काळाचीहि साथ मिळाली. महायुद्धामुळें इतर महाविद्यालयांचे तरुण सैन्यांत भरती होऊन गेले होते; लष्करी प्रबोधिनीला मात्र चांगल्या खेळाडूंची वाण नव्हती. ब्लँचर्ड आणि डेव्हिस या जोडीच्या बळावर १९४४, १९४५ व १९४६ या तीन हंगामांत संघानें २७ सामने जिंकले, १ बरोबरींत सोडविला आणि एकहि गमावला नाहीं. युद्ध संपल्यावरहि हा ओघ थांबला नाहीं. १९४४ पासून १९५० पर्यंतच्या सात हंगामांचा हिशेब केला तर ५७ विजय, ४ बरोबरी आणि अवघे ३ पराभव असा होतो. त्यांतला शेवटचा पराभव डिसेंबर १९५० मध्यें नौदलाकडून १४ विरुद्ध २ गुणांनीं झाला. पुढच्या वर्षीं त्याची भरपाई होईल, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

या विजयांची किंमत कोण आणि कशी देत होतें, हें समजण्यासाठीं तेथील विद्यार्थ्याचा, म्हणजे कॅडेटचा, दिनक्रम पाहिला पाहिजे. त्याचा दिवस कवायत, वर्ग, तपासणी आणि अभ्यास यांनीं कांठोकांठ भरलेला असतो. त्या काळीं वर्गांत रोजच्या रोज पाठ विचारले जात, आणि लहान लेखी परीक्षा सतत होत. गणित व शास्त्रें यांवर भर असल्यामुळें एक आठवडा मागें पडलेला विद्यार्थी पुन्हां वर येणें कठीण होई. फूटबॉलच्या खेळाडूला हें सर्व करून पुन्हां दुपारचे कित्येक तास मैदानावर घालवावे लागत, आणि बाहेरगांवचा सामना असला म्हणजे प्रवास वेगळाच. थकलेल्या खेळाडूला हुशार सोबत्यानें रात्रीं शिकवावें, ही तेथील रूढ व संमत पद्धति होती. साहाय्य आणि लबाडी यांमधील सीमारेषा पुसट झाली ती येथेंच.

वेस्ट पॉईंटचा सन्मान-नियम मोठा कडक आहे. कॅडेटनें खोटें बोलूं नये, फसवूं नये, चोरी करूं नये, हा त्याचा आशय. दुसऱ्यानें तसें केल्याचें कळलें तर गप्प बसणें हाहि दोषच मानला जाई. आणि शिक्षा एकच: प्रबोधिनींतून बाहेर. एवढ्या कडकपणाचें कारण लष्करी पेशांत आहे. आघाडीवरील अधिकारी ‘पूल सुरक्षित आहे’ असें कळवितो, तेव्हां त्या एका वाक्यावर शेंकडों माणसांचे जीव अवलंबून असतात. तें वाक्य तपासून पाहण्यास कोणाला सवड नसते. शब्द पाळण्याची सैनिकी प्रतिष्ठा महाराष्ट्रालाहि अपरिचित नाहीं. राजोडीपासून कांहीं कोसांवर असलेला वसईचा किल्ला मे १७३९ मध्यें पोर्तुगीजांनीं चिमाजी आप्पांच्या स्वाधीन केला, तेव्हां मराठ्यांचीं हजारों माणसें कामास आलीं होतीं. सूड घ्यावयाचा तर हातांत सत्ता होती. तरीहि तहांत ठरल्याप्रमाणें किल्ल्यांतील शिबंदीला आपल्या शस्त्रांसह मानानें बाहेर जाऊं देण्यांत आलें. तो विजय आजहि सांगितला जातो, त्यांत या वचनपालनाचाहि वांटा आहे.

आतां वेस्ट पॉईंटच्या परीक्षांतील छिद्र पाहूं. कॅडेटांच्या दोन पलटणी होत्या. पहिल्या पलटणीला एके दिवशीं जी प्रश्नपत्रिका मिळे, बहुधा तीच दुसऱ्या पलटणीला दुसऱ्या दिवशीं मिळे. पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवसाच्या विद्यार्थ्याला प्रश्न सांगूं नयेत, एवढाच बंदोबस्त. बाकी सर्व भार सन्मान-नियमावर. व्यवस्थेनें स्वतःची सोय पाहिली आणि मोहाचें ओझें मात्र एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर ठेवलें, असें म्हणण्यास जागा आहे. जेवणाच्या टेबलाशीं, सरावाला जातांना, रात्रीच्या शिकवणींत प्रश्न एका तोंडांतून दुसऱ्या तोंडांत जाऊं लागले. आरंभीं ही संघांतील आपसांतली मदत होती. पुढें तिचें जाळें विणलें गेलें, आणि फूटबॉलशीं संबंध नसलेले विद्यार्थीहि त्यांत ओढले गेले. एकदां मदत घेतली कीं मदत करणाऱ्याचें नांव सांगतां येत नाहीं. आणि नांव न सांगणें हाहि नियमभंगच. अशा रीतीनें मित्राशीं इमान राखावें कीं दिल्या शब्दाशीं, हा पेंच शेंकडा प्रति शेंकडा प्रामाणिक मुलांपुढेंहि उभा राहिला.

एप्रिल १९५१ मध्यें कांहीं कॅडेटांकडून ही गोष्ट शिस्तीचे प्रमुख कर्नल पॉल हार्किन्स यांच्या कानांवर गेली. पुरावा मिळविण्यासाठीं कांहीं विद्यार्थ्यांना त्या जाळ्यांत सामील झाल्याचें सोंग करण्यास सांगण्यांत आलें. मे महिन्याच्या अखेरीस चौकशीमंडळ बसलें. घाबरलेले खेळाडू ब्लेक यांच्याकडे गेले, तेव्हां त्यांनीं एकच सल्ला दिला: जें घडलें असेल तें खरें सांगा. मुलांनीं खरें सांगितलें. ज्यांनीं कबूल केलें ते सांपडले आणि ज्यांनीं मान हलविली ते सुटले, अशी तक्रार पुढें वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिली. ३ ऑगस्ट १९५१ रोजीं प्रबोधिनीनें ९० कॅडेटांना काढून टाकण्यांत येत असल्याचें जाहीर केलें. त्यांपैकीं ३७ फूटबॉलच्या संघांतले होते. त्यांत ब्लेक यांचा स्वतःचा मुलगा बॉब, संघाचे डाव चालविणारा प्रमुख खेळाडू, हाहि होता. या निर्णयापूर्वीं विख्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या नेतृत्वाखालील तिघांच्या मंडळानें सर्व प्रकरण तपासून तोच मार्ग योग्य ठरविला होता.

देशांत एकच गहजब उडाला. कोरियाचें युद्ध तेव्हां ऐन भरांत होतें, आणि वेस्ट पॉईंटचे नवे पदवीधर तेथें धारातीर्थीं पडत होते. १९४९ च्या अजिंक्य संघाचा कर्णधार जॉन ट्रेंट नोव्हेंबर १९५० मध्यें कोरियांत मारला गेला होता. अशा वेळीं त्याच संघाच्या वारसदारांनीं परीक्षेंत लबाडी करावी, हें लोकांना सहन होण्यासारखें नव्हतें. सिनेटर फुलब्राइट यांनीं दोन्हीं लष्करी प्रबोधिनींतील फूटबॉल स्थगित करण्याची सूचना केली. उलट, मुलांना इतकी कठोर शिक्षा कशासाठीं, असें विचारणारेहि पुष्कळ होते. काढून टाकलेल्यांपैकीं कांहींना पुढें नोत्र दाम विद्यापीठांत प्रवेश मिळाला, आणि त्यांचा खर्च जोसेफ केनेडी यांनीं गाजावाजा न करतां उचलला. ब्लेक यांच्या मनांत राजीनामा द्यावा असें होतें. त्यांनीं मॅकआर्थर यांची भेट घेतली. भडिमार चालू असतां जागा सोडूं नये, असा त्यांचा सल्ला पडला. ब्लेक राहिले.

त्या काळच्या नियमांप्रमाणें खेळाडू मनसोक्त बदलतां येत. यामुळें मोठ्या संघांत चढाईसाठीं एक तुकडी व बचावासाठीं दुसरी अशी विभागणी असे. म्हणजे अकरा तरबेज गडी पुरेसे नव्हते. बावीस लागत, आणि त्यांच्या मागें तितकेच राखीव. ३७ जण एका दिवसांत गेल्यावर मागें जे उरले ते बहुतेक नवशिके, अंगानें लहान आणि मोठ्या सामन्याचा अनुभव नसलेले. ब्लेक आणि त्यांचे साहाय्यक विन्स लोम्बार्डी यांनीं त्यांतूनच संघ उभा केला. हे लोम्बार्डी पुढें धंदेवाईक फूटबॉलमध्यें इतके नांवारूपाला आले कीं अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या चषकाला त्यांचें नांव देण्यांत आलें. परंतु १९५१ च्या शरद ऋतूंत त्यांच्या हातीं जी मुलें होतीं, त्यांना प्रथम उभें कसें राहावें हेंच शिकवावें लागत होतें.

हंगामाचा पहिला सामना व्हिलानोव्हाविरुद्ध झाला व तो २१ विरुद्ध ७ गुणांनीं गेला. नॉर्थवेस्टर्नकडून २०-१४ असा पराभव झाला. तिसरा सामना डार्टमथविरुद्ध. ज्या विद्यालयांतून ब्लेक वेस्ट पॉईंटला आले होते, त्याच्याच संघानें त्यांना २८-१४ असें हरविलें. हार्वर्डविरुद्ध २२-२१ असा निकाल लागला. एका गुणानें हुलकावणी दिली. पांचव्या सामन्यांत मात्र कोलंबियावर १४-९ असा विजय मिळाला. याच कोलंबियानें १९४७ सालीं वेस्ट पॉईंटची ३२ सामन्यांची अपराजित मालिका तोडली होती, म्हणून हा लहानसा विजय गोड वाटला असल्यास नवल नाहीं. पुढें दक्षिण कॅलिफोर्नियानें २८-६ असा धुव्वा उडविला. सिटाडेल या दुसऱ्या लष्करी विद्यालयाच्या संघाला २७-६ असें हरवून दुसरा विजय मिळाला. पेन्सिल्व्हेनियाकडून ७-६, पुन्हां एकाच गुणानें हार. आणि शेवटीं १ डिसेंबर रोजीं नौदलाविरुद्ध ४२-७. त्या वर्षीं नौदलाचा संघहि कांहीं फार समर्थ नव्हता, यावरून वेस्ट पॉईंटची अवस्था ध्यानांत यावी. सात वर्षांत ज्यांना ३ पराभव ठाऊक होते, त्यांच्या वांट्याला एका हंगामांत ७ आले.

या हंगामाकडे दोन दृष्टींनीं पाहिलें जातें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं प्रबोधिनीनें विजयापेक्षां वचन मोठें मानलें, आणि त्याची किंमत सर्वांसमक्ष, शनिवारमागून शनिवार, भरली. नियम मोडणारा प्रसिद्ध खेळाडू आहे किंवा शिक्षकाचा मुलगा आहे, याचा तिनें विचार केला नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ब्लेक यांनीं अखेरपर्यंत मांडलें. काढून टाकलेलीं मुलें मुळांत सज्जन होतीं. दोष होता तो तीच प्रश्नपत्रिका दोन दिवस वापरणाऱ्या पद्धतीचा, आणि तो दोष असणाऱ्या वडीलधाऱ्यांना कोणतीहि शिक्षा झाली नाहीं. या दोन्हीं म्हणण्यांत तथ्य आहे, आणि एकानें दुसरें खोडलें जात नाहीं. मुलांनीं शब्द मोडला, हें खरें. त्यांच्यावर विजयाचें आणि अभ्यासाचें दुहेरी ओझें लादणाऱ्यांनीं तें ओझें पेलतें कीं नाहीं हें पाहिलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एक गोष्ट मात्र निःसंशय आहे. प्रबोधिनीची घसरण १९५१ च्या पराभवांत झाली नव्हती. ती आधींच्या विजयी वर्षांतच चालू होती, आणि गुणफलकावर ५७ विजय झळकत असल्यामुळें कोणाच्या नजरेस पडत नव्हती.

पराभवांतून वर येण्यास दोन वर्षें लागलीं. १९५२ सालीं ४ विजय, ४ पराभव व १ बरोबरी अशी स्थिति झाली. १९५३ सालीं खेळाडू बदलण्याचे नियम कडक करण्यांत आले. त्याच अकरा गड्यांनीं चढाई आणि बचाव दोन्हीं करावयाचीं, असें ठरलें. मोजक्या पण काटक संघाला हें सोयीचेंच होतें. त्या हंगामांत न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बलाढ्य ड्यूक विद्यापीठाशीं सामना झाला. वेस्ट पॉईंट एका गुणानें पुढें असतां ड्यूकचा एक गडी चेंडू घेऊन सर्वांना चुकवून निघाला. बॉब मिशॅक या खेळाडूनें दूरवरून पाठलाग करून त्याला रेषेपासून सात यार्डांवर पाडलें, आणि मग संघानें रेषेच्या अगदीं तोंडाशीं ड्यूकची चढाई थोपवून धरली. सामना १४-१३ असा जिंकला. १९५१ सालीं ज्या एका गुणानें दोनदां दगा दिला होता, तोच या वेळीं पदरांत पडला. वर्षअखेर नौदलालाहि २०-७ असें हरवून संघानें ७ विजय, १ पराभव व १ बरोबरी अशी कामगिरी केली. मिशॅक व त्याच्या बरोबरीचे विद्यार्थी ९० जण गेले त्या वर्षीं प्रबोधिनींतच होते.

वेस्ट पॉईंटच्या वांट्याला याहून वाईट हंगामहि पुढें आले. १९७३ सालीं १० पैकीं १० सामने गेले, आणि नौदलानें ५१-० असें हरविलें. व्हिएतनामच्या युद्धामुळें लष्करी पेशाचें आकर्षण त्या वेळीं ओसरलें होतें. २००३ सालीं तर १३ पैकीं १३ पराभव झाले. सहाव्या पराभवानंतर शिक्षकालाहि जावें लागलें. पदवीनंतर पांच वर्षें सैन्यांत सेवा करण्याचें बंधन असल्यामुळें धंदेवाईक खेळाचें स्वप्न पाहणारे तरुण या प्रबोधिनीकडे सहसा वळत नाहींत, आणि अशा संघाला धिप्पाड खेळाडूंच्या विद्यापीठांशीं झुंजावें लागतें. ती मालिकाहि कायम राहिली नाहीं. २०१६ सालीं नौदलाविरुद्धच्या सलग १४ पराभवांचा शेवट झाला. पण १९७३ व २००३ या हंगामांनीं प्रबोधिनीची झोंप उडविली असली तरी मान खालीं घालावी लागली नाहीं. तेथें हरण्याचें कारण दुर्बळपणा होतें. दुर्बळपणाची लाज कोणत्याहि सैनिकाला वाटत नाहीं, तो सराव वाढवितो.

सन्मान-नियमाचा प्रश्न मात्र १९५१ सालीं कायमचा सुटला, असें कोणी समजूं नये. १९७६ सालीं विद्युत्-अभियांत्रिकीच्या एका परीक्षेवरून दीडशेंच्या आसपास कॅडेटांना बाहेर पडावें लागलें. त्यांपैकीं पुष्कळांना नंतर परत येऊं देण्यांत आलें, कारण एकच शिक्षा सर्वांना लागू करणें न्याय्य नाहीं, असा विचार बळावला होता. २०२० सालीं साथीमुळें दूरस्थ पद्धतीनें घेतलेल्या गणिताच्या परीक्षेंत ७० हून अधिक कॅडेटांवर नक्कल केल्याचा आरोप आला. साधनें बदललीं, मोह तोच राहिला. प्रत्येक पिढीला हा नियम नव्यानें पेलावा लागतो, आणि प्रत्येक वेळीं परीक्षा कशी घ्यावी याचा विचार शिक्षकांनाहि नव्यानें करावा लागतो.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाहीं. खडकवासल्याच्या ज्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा पाया १९४९ सालीं घातला गेला व जेथें १९५५ पासून शिक्षण चालू आहे, तेथें तो जसा लागू आहे, तसाच तो शहरांतील प्रत्येक सुशिक्षित घराला लागू आहे. परीक्षेच्या दिवसांत घरांत जें वातावरण असतें, त्यांत मुलाला किती गुण पडले हा प्रश्न पहिल्यानें विचारला जातो. ते कसे पडले हें क्वचितच विचारलें जातें. मित्राकडून ‘अपेक्षित प्रश्न’ मिळविणारा मुलगा चतुर ठरतो. वेस्ट पॉईंटच्या त्या ९० विद्यार्थ्यांच्या घरींहि अशाच प्रेमळ, महत्त्वाकांक्षी माणसांची वस्ती असली पाहिजे. निकालाची अपेक्षा ठेवणें हा अपराध नव्हे. परंतु मुलाच्या दिवसांत तास किती आणि त्याच्यावर कामें किती, याचा हिशेब घरांतल्या व शाळेंतल्या मोठ्या माणसांनीं आधीं मांडावयास हवा. वेस्ट पॉईंटला तो मांडण्यास उशीर झाला, आणि त्याचें व्याज मुलांनीं भरलें.

वेस्ट पॉईंटचा संघ आजहि ज्या मैदानावर खेळतो, त्याला मिची स्टेडियम म्हणतात. डेनिस मिची हा तेथील एका प्राध्यापकाचा मुलगा व स्वतः कॅडेट. १८९० सालीं त्यानेंच खटपट करून प्रबोधिनीचा पहिला संघ जमविला, त्याला शिकविलें आणि त्याचें नेतृत्व केलें. नौदलाविरुद्धचा तो पहिला सामना वेस्ट पॉईंटनें २४-० असा गमावला. पुढें १ जुलै १८९८ रोजीं क्यूबामधील सॅन वानच्या लढाईंत मिची मारला गेला. १९२४ सालीं मैदान बांधून झालें, तेव्हां त्याला नांव कोणाचें द्यावें याविषयीं फारसा वाद होण्याचें कारण नव्हतें. पहिल्याच सामन्यांत शून्यावर राहिलेल्या त्या कर्णधाराचें नांव तेथें आजहि आहे.